नॉर्बर्टची हिरवी गाडी किती देते

शनिवारी सकाळी आमच्या डोनटच्या दुकानासमोर सात-आठ जुन्या गाड्या लागतात आणि आत त्यांचे मालक बसतात. गाड्या साठ-सत्तर सालच्या, रुंद आणि बुटक्या, बॉनेटखाली आठ सिलिंडरचं धूड. एखादी सुरू झाली की माझ्या काउंटरवरच्या बशा थरथरतात. मालकही साधारण तशाच बांध्याचे, सगळे गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. माझं काम कॉफी ओतायचं. रिकामा कप पुन्हा भरून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, हे आमच्या बे सिटी गावातल्या पुरुषांना एकदा कळलं आणि तेव्हापासून ते उठलेच नाहीत.

माझी स्वतःची गाडी जपानी आहे. ती मी दुकानाच्या मागे कचऱ्याच्या डब्याआड लावते. मला या गावात राहायचंय.

तर ही मंडळी तिथे बसून थापा मारतात, पण त्या थापांनाही एक शिस्त आहे. कुणी विचारलं, "किती देते रे तुझी?" तर खरा आकडा घ्यायचा, त्यात पाच मिळवायचे आणि सांगून टाकायचं. ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात ते पाच वजा करायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "वा, छान देते." गॅलनला नऊ मैल जेमतेम देणारी गाडी माझ्या दुकानात चौदा देते. सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणाचंच काही बिघडत नाही. हीच माणसं चर्चमध्ये जाऊन कन्फेशनला बसतात, दारू सांगतात, शिव्या सांगतात, शेजारणीकडे बघितलेलं सांगतात. गाडीचं ॲव्हरेज मात्र आजवर कुणी सांगितलेलं नाही.

यात नॉर्बर्ट डॉम्ब्रॉस्की तेवढा वेगळा. तो थाप मारत नसे. "माझी पंधरा देते," असं तो म्हणायचा आणि त्याला मनापासून तसंच वाटायचं. बाकीचे सवयीप्रमाणे पाच वजा करायचे आणि मान डोलवायचे. नॉर्बर्टच्या डोळ्यांना ते दिसायचं. मग तो चिडायचा.

"वजा करू नकोस, लेका! मी काही मिळवलेलं नाही!"

"बरं बाबा. छान देते."

"ते 'छान देते' असं म्हणू नकोस!"

त्याच्या मते हे सगळं कार्ब्युरेटरचं यश होतं. त्यातला एक स्क्रू पाऊण वळसा आणि वर केसभर फिरवायचा, हे गुपित त्याचं त्यानं शोधलेलं. ते तो कुणालाही, न विचारता, सांगायचा. ऐकून ज्यांनी ज्यांनी पाऊण वळसा आणि केसभर फिरवला, त्यांच्या गाड्या खोकायला लागल्या. "केसभर तुमचा चुकला," असं नॉर्बर्ट म्हणायचा. कारखान्यात जन्मभर साचे बनवलेला माणूस, त्याच्याशी केसावरून कोण वाद घालणार?

गाडी सत्तर सालची, गर्द हिरवी. चालवायची पद्धत म्हणाल तर नॉर्बर्ट स्वतःला भन्नाट समजायचा. "काल बीवर रोडला नव्वद मारले," असं तो डोनट बुडवत सांगायचा. आणि इकडे अख्ख्या गावानं त्याला पाहिलेलं असायचं, मागे बारा गाड्यांची रांग घेऊन चाललेला. चाळीस वर्षांत त्याला वेगाची एक पावती मिळाली नव्हती. त्याचाही त्याला अभिमान. "मला पकडेल असा पोलीस अजून जन्माला यायचाय," म्हणायचा. मिडलंडला त्याची मुलगी राहते. माझ्या गाडीनं ते वीस मैल आहे, त्याच्या गाडीनं तीस. मोठ्या हायवेवर तो जातच नसे, कारण तिथले मैलांचे खांब त्याला पटत नसत. कंत्राटदारानं खांब वाचवायला लांब लांब रोवले आणि उरलेले विकून खाल्ले, असं त्याचं ठाम मत होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं होतं तर कुणी त्याच्या तोंडावर हसलं कसं नाही? नाही हसलं. त्याला कारण होतं. नॉर्बर्टचा रे नावाचा धाकटा भाऊ अठ्ठ्याहत्तर साली बीवर रोडवरच गेला. त्याची स्वतःची गाडी झाडावर, वेग ताशी नव्वद मैल. बावीस वर्षांचा पोरगा होता. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा आणि माझी पेन्सिल घेऊन परत द्यायचा नाही. तेव्हापासून नॉर्बर्ट हळू चालवतो आणि लाज वाटते म्हणून नव्वद सांगतो, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. ज्याचा भाऊ असा गेला, त्याच्या नव्वदमधून कोण काही वजा करणार? माझं तोंड काही गोड नाही, हे गाव जाणतं. पण तिथे मीही गप्प बसायचे आणि त्याच्या कपात कॉफी ओतायचे.

त्याची बायको आयरीन. अंगानं काटकुळी, बोलणं कमी, पण बोलली की विषय संपला. पहिल्या मुलीच्या वेळी ती पोटुशी असताना तिनं नॉर्बर्टला बजावलं होतं, "घरात मूल येतंय. ही गाडी गॅलनला पंधरा देत असेल तर राहील. ज्या दिवशी कमी देईल त्या दिवशी विकायची." नॉर्बर्टनं आईच्या जपमाळेवर हात ठेवून शब्द दिला, मोजून पंधरा दाखवले आणि गाडी राहिली. ही गोष्ट तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, पोल्का नाच सुरू व्हायच्या आधी सांगतो. म्हणून गावात पोराटोरांनाही ती पाठ आहे.

आणि आयरीनचा भाऊ स्टॅन. तोही दर शनिवारी यायचा. स्टॅन मेकॅनिक, हात सोन्याचे, मूत्राशय कच्चं. म्हणजे मला तसं वाटायचं. नॉर्बर्टनं "पंधरा" म्हटलं की स्टॅन उठून मोरीकडे पळायचा आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसत परत यायचा. मी त्याला दोनदा डॉक्टरचा पत्ता लिहून दिला होता.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चर्चला नवे फादर आले. फादर कामिन्स्की, ग्रँड रॅपिड्सचे, वयानं कोवळे, मनानं त्याहून. पहिल्याच शनिवारी आले, मंडळींत बसले आणि कौतुकानं सगळ्यांचे आकडे ऐकून घेतले. चौदा, सोळा, पंधरा, एकानं तर साडेसतरा सांगितले. फादर म्हणाले, "अरे वा! मग आपल्या चर्चच्या जत्रेत स्पर्धाच ठेवू या ना! सगळे एका पंपावर टाकी भरा, केसव्हिलपर्यंत खाडीच्या काठानं जाऊन परत या, शंभर मैलांचा फेरा होतो. आल्यावर पुन्हा टाकी भरायची. किती पेट्रोल मावतं ते बघितलं की झालं!"

दुकानात अशी शांतता पसरली की मला डोनट तळल्याचा आवाज ऐकू आला. साडेसतरावाल्याला अचानक पाठीचं दुखणं आठवलं.

"उत्तम!" नॉर्बर्ट टेबलावर थाप मारून म्हणाला. "चाळीस वर्षं वाट बघतोय मी. आता कळेल सगळ्यांना!"

स्टॅन मोरीकडे गेला. त्या दिवशी तो परत आलाच नाही, मागच्या दारानं घरी गेला.

फादरना नाही कसं म्हणायचं? शेवटी सहा जण तयार झाले. प्रत्येक गाडीत एक पंच बसवायचं ठरलं. पुरुषांवर कुणाचाच भरवसा नव्हता, त्यामुळे पंच बायका. नॉर्बर्टच्या गाडीच्या मागच्या सीटवर माझी वर्णी लागली. पुढे त्याच्या शेजारी आयरीन, मांडीवर पिरोगीचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा, डबा आणि त्यावर रुमाल.

निघताना मी तिला हळूच म्हटलं, "आयरीन, आज पंधरा नाही आले तर काय करशील?"

"शब्द त्यानं दिलाय, डॉलोरेस. मी नाही," ती म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली.

मला तिचा रागच आला. सगळ्या गावाला माहीत होतं की अशी गाडी पंधरा देत नाही. हिला दिसत नव्हतं? त्या गाडीवर त्याचा जीव होता. त्यांच्या तळघरात रे आणि ती गाडी यांचा एकत्र फोटो आहे, दोघा भावांनी मिळून तिला रंग दिला त्या दिवशीचा. ती विकायची वेळ आली असती तर नॉर्बर्ट अंथरूण धरून बसला असता.

पेट्रोल वाचवायचं म्हणून नॉर्बर्टनं पंचावन्नचा वेग धरला. मी मागून काटा बघत होते, काटा पंचावन्नवर स्थिर. पण बाहेर बीटाच्या शेतातलं एकेक रोप मला ओळखीचं वाटायला लागलं. मागून बोटीचा ट्रेलर ओढणारा ट्रक आला आणि सुर्रकन पुढे गेला.

"बघितलंस? ऐंशीनं चाललाय," नॉर्बर्ट म्हणाला. "बोटीसकट मरेल एक दिवस."

मग टपाल वाटणारी बाई आली. ती प्रत्येक पेटीपाशी थांबते, पत्रं टाकते, पेटीचं झाकण लावते. तिनं आम्हाला मागे टाकलं. पुढे ती थांबली तेव्हा आम्ही तिला गाठलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा मागे टाकलं आणि जाताना माझ्याकडे बघून हात केला.

"नॉर्बर्ट, ती टपालवाली—"

"सरकारी गाडी आहे. त्यांना कोण विचारतंय?"

आयरीननं मला एक पिरोगी दिली. तोंड बंद ठेवायला दिली हे मला नंतर कळलं.

आम्ही परत आलो तेव्हा बाकीचे पाच जण येऊन, पेट्रोल भरून, किल्बासा सॉसेज खाऊन, दुसरी बिअर घेत होते. बँडवाले जेवायला गेले होते. फादर काळजीनं रस्त्यावर येऊन उभे होते. पंपावर सगळे भोवती जमले. टाकी भरायला लागली. आकडा वर चढत गेला आणि दहा गॅलनवर नळी खट्कन थांबली.

शंभर मैल, दहा गॅलन. हिशेब करायला कुणाला कागद लागला नाही. आणि गंमत अशी की त्या दिवशी तोच दुसरा आला होता. पहिल्याचे अकरा होते. बाकीचे आठ-नऊमध्ये गडगडले आणि साडेसतरावाल्याचे तर सातच निघाले.

पण नॉर्बर्टचा चेहरा उजळला होता. "दहा गॅलन! आणि मीटर बघा! दीडशे मैल! दीडशे भागिले दहा, किती झाले? बोला, किती झाले?"

"नॉर्बर्ट," फादर हळूच म्हणाले, "फेरा शंभर मैलांचा आहे."

"दीडशेचा आहे."

"सगळ्यांच्या मीटरवर शंभरच आलेत."

"मग सगळ्यांचे मीटर बिघडलेत!"

कुणीतरी फस्सकन हसलं. मी त्या बाजूला बघितलं आणि हसू थांबलं. नॉर्बर्ट एकेका गाडीपाशी जाऊन, खिडकीतून डोकं घालून मीटर वाचायला लागला. शंभर. शंभर. एकशे एक. पाचव्या गाडीपाशी त्याची चाल मंदावली. जन्मभर साचे बनवलेला माणूस तो. एक माप चुकू शकतं, पाच सारखी मापं चुकत नाहीत, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो परत आला, हिरव्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि मग किल्ली काढून आयरीनपुढे धरली.

"शब्द दिला होता," तो म्हणाला. "दहाच देते ही. विकून टाकू."

आता मात्र मला राहवेना. "आयरीन, तू काही बोलणार आहेस की नाही? म्हातारपणी त्याची गाडी काढून घेऊन तुला काय मिळणार आहे?"

आयरीननं किल्ली घेतली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. ती मागे वळून म्हणाली, "स्टॅन, आण ते."

स्टॅन गर्दीच्या मागे तोंड लपवून उभा होता. तो आपल्या ट्रककडे गेला आणि तंबाखूची गंजलेली डबी घेऊन आला. आत बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं दातेरी चाक होतं.

"हे काय?" नॉर्बर्टनं विचारलं. पण ते काय आहे हे त्याला बघताक्षणीच कळलं होतं, त्याचा आवाज सांगत होता.

"मागचा एक्सल बदलला ना आपण, शर्यतीच्या गाडीचा टाकला," स्टॅन एका दमात म्हणाला. "अठ्ठ्याहत्तरला. तू कामावर होतास, मी एकट्यानंच टाकला. तो टाकला की मीटरचं हे चाकही बदलावं लागतं. नाहीतर मीटर दीडपट दाखवतो. मैल पण दीडपट, वेग पण दीडपट. मी बसवायलाच निघालो होतो, नॉर्बी, देवाशपथ. हिनं बसवू दिलं नाही!"

"कुणी?"

"मी," आयरीन म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. मी तर बघतच राहिले. दोन वेळा डॉक्टरचा पत्ता लिहून दिला होता मी त्या माणसाला.

"पंधरा यावेत म्हणून?" नॉर्बर्ट म्हणाला.

"पंधरा खड्ड्यात गेले," आयरीन म्हणाली. "रे गेल्यावर तू दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की बीवर रोडला जायचास. एकटा. मला सांगायचास, कार्ब्युरेटर बघून येतो. मी एकदा स्टॅनला तुझ्या मागे पाठवलं होतं. तू नव्वद गाठायचास आणि त्या झाडापर्यंत सोडायचा नाहीस. मला सातवा महिना होता, नॉर्बर्ट. किती सांगितलं, किती रडले, तू ऐकत नव्हतास. स्टॅन म्हणाला, चाक नाही बसवलं तर मीटर खोटं बोलेल. मी म्हटलं, बोलू दे."

बॉनेटवरचा हात नॉर्बर्टनं काढला नव्हता.

"त्या एक्सलमुळे इंजिनही साठला नव्वदसारखंच ओरडायचं," स्टॅन पुटपुटला. "काटा नव्वदवर, आवाज नव्वदचा. गाडी तेवढी साठनं पळायची."

"तुला नव्वद हवे होते, मला साठ," आयरीन म्हणाली. "दोघांचंही भागलं."

"मग ते पंधराचं? विकायची अट?"

"ती अट मी आधीच घालून बसले होते. माझ्या बापाची गाडी पंधरा द्यायची, म्हणून तोंडाला येईल तो आकडा बोलले. मग हे चाक आलं आणि मलाच घोर लागला. खरं मोजलं असतंस तर तू ही विकली असतीस, शब्दाचा पक्का ना तू. आणि लगेच दुसरी घेतली असतीस. तिचा काटा खरं बोलला असता." ती थांबली. "मी ही गाडी सहन केली नाही, नॉर्बर्ट. मी हिला राखली. दर रविवारी तू परत आलास की मी हिच्या बॉनेटवर हात ठेवून बघायचे. गरम असायचं. म्हणजे तू आलास."

फादर कामिन्स्की जमिनीकडे बघत होते. साडेसतरावाला नाक शिंकरत होता. मला रडू आलं, उगाच कशाला लपवू? एप्रनला तोंड पुसलं तर गालाला साखर लागली.

नॉर्बर्टनं डबीतलं चाक उचललं, डोळ्यांजवळ धरून एकेक दाता बघितला. सवय ती. मग विचारलं, "म्हणजे मी कधीच... एकदाही नव्वद नाही?"

"तो एक्सल टाकल्यानंतर एकदाही नाही," आयरीन म्हणाली.

"आणि मी हळू चालवतो असं सगळ्यांना..." त्यानं आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी बिअरकडे बघितलं. "मूर्खांनो, सांगायचं नाही का?"

"आम्हाला वाटलं, रेमुळे तू हळू चालवतोस," मी म्हटलं.

नॉर्बर्टनं हिरव्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "खरंच आहे ते."

स्टॅननं बाह्या सरसावल्या. "बसवू का आता? दहा मिनिटांचं काम आहे. मीटर खरं बोलायला लागेल."

नॉर्बर्टनं चाक परत डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि डबी स्टॅनच्या खिशात कोंबली. "त्या मीटरला हात लावलास तर हात मोडीन. आणि पुढच्या शनिवारी माझ्या तोंडावर हसायचं. मोरीत जाऊन नाही."

बक्षीस म्हणून ठेवलेलं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, अकरावाल्याला मिळालं. त्यानं ते कापून सगळ्यांना वाटलं, कारण अकरा हा त्याचाही जन्मातला पहिला खरा आकडा होता आणि त्याला लाज वाटत होती.

नॉर्बर्टनं आयरीनसाठी दार उघडलं. एरवी तो उघडत नाही. ती बसली, डबा मांडीवर घेतला, रुमाल नीट केला. गाडी सुरू झाली तशी टेबलावरच्या बाटल्या किणकिणल्या. खिडकी उघडीच होती म्हणून मला ऐकू आलं.

"वेग किती घेऊ?" त्यानं विचारलं.

"नव्वद," ती म्हणाली.